तहात दिला नवरदेव

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पत्रांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, इतिहासाच्या नावावर पोरांना हे काय वाचायला मिळून राहिलंय अशा अर्थाचं. ते वाचून मी दोन दिवस गप्प बसली, तिसऱ्या दिवशी काही राहवलं नाही म्हणून हे लिहून राहिली. मोबाइलवरच टाइप केलंय, माझी भाची म्हणते आत्या तू पूर्णविराम द्यायचं विसरतेस, तर तुमच्याकडे कोणी देणारा असेल तर देऊन टाका पण मजकूर कापू नका. मागच्या खेपेला पाण्याच्या टँकरवर पत्र पाठवलं होतं तर तुम्ही चार ओळी छापल्या आणि त्यातल्या दोन माझ्या नव्हत्याच.

त्या गृहस्थांचं म्हणणं असं की त्यांच्या नातीच्या मोबाइलमधे एक कोरियन कॉमिक सापडलं, त्यात दोन राज्यांचा तह होतो आणि तहातलं एक कलम म्हणून हरलेल्या राज्याचा राजपुत्र जिंकलेल्या राज्याच्या सेनापतीला देतात, म्हणजे चक्क लग्न लावून देतात, दोघंही पुरुष, आणि पुढे पन्नाससाठ भागांनी त्यांचं एकमेकांवर प्रेम बसतं. तर असं इतिहासात कधी झालंच नाही, लग्न हा संस्कार आहे त्याची ही थट्टा आहे, आणि कार्टूनच्या नावाखाली लहान लेकरांपर्यंत हे पोचवून राहिले, सरकारने बंदी घालावी. शेवटी नात कितवीत आहे ते लिहिलंय, ती फायनल इयरला आहे. आता फायनल इयरची पोरगी लहान लेकरू कशी काय बाप्पा.

योगायोग असा की अगदी तेच नाही पण त्याच जातकुळीतलं एक कॉमिक मी गेल्या मे महिन्यात, तोवर आलेलं अख्खं, वाचलंय. त्या कथानकाची डझनाने आहेत म्हणे. माझी भाची यवतमाळची, इथे क्लासेससाठी आमच्याकडे राहते, रात्री कूलर लावून झोपलो की हिच्या चादरीतून उजेड. मला वाटलं मुलाशी बोलून राहिली. एक दिवस चादर ओढली तर मोबाइलवर जरीचे कपडे घातलेला, केस मोकळे सोडलेला एक पोरगा पालखीत बसून रडून राहिला होता. म्हटलं हे काय, तर म्हणे आत्या तू रागावशील. म्हटलं रागवीन की नाही ते वाचून ठरवते, दे इकडे. आठ दिवसांत वाचून काढलं, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी दुसरं करायचं तरी काय होतं.

ज्यांनी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी सांगते. हे कॉमिक पुस्तकासारखं पान उलटून वाचायचं नसतं, बोटाने वर सरकवत जायचं, एक चित्र खाली एक चित्र, सगळं रंगीत. आठवड्याला एक भाग. पहिले काही फुकट आणि मग नेमकं जिथे जीव टांगणीला लागतो तिथे पैसे मागतात, नाही तर थांबा. मी एकदा चाळीस रुपये भरले, यांना सांगितलं नाही, आता पेपरात वाचतील. आणि कार्टून म्हणजे लहान मुलांचं हे समीकरण तिकडे नाहीच, कोरियात त्यावर वयाची पाटी असते, पंधरा वर्षांवरचे, एकोणीस वर्षांवरचे, तसं. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या ह्या चित्रकथा मुळात जपानात १९७० च्या दशकात मुलींच्याच मासिकांतून सुरू झाल्या, काढणाऱ्या बहुतेक तरुण बायका आणि वाचणाऱ्या पण मुलीच, तीच परंपरा फिरत फिरत कोरियाच्या मोबाइलमधे आली. म्हणजे हा कुणी पुरुषांनी पोरींना बिघडवायला रचलेला डाव नाही, पोरींनी पोरींसाठी काढलेला उद्योग आहे. वाटल्यास त्याला वेगळी नावं ठेवा, ती मी पण ठेवणार आहे खाली.

आता गोष्ट. उत्तरेकडचं मोठं राज्य, दक्षिणेकडचं लहान, नावं काल्पनिक. लढाई हरल्यावर तह होतो, त्यात घोडे, धान्य, एक खिंड, आणि एक राजकन्या. राजकन्या आजारी, की पळाली, ते पुढे कळतं, तिच्या जागी धाकटा भाऊ जातो आणि उत्तरेकडचे म्हणतात ठीक आहे, कलमात रक्त लिहिलंय राजघराण्याचं, हा पण चालेल. निघायच्या दिवसाचा भाग मी तीनदा वाचला. त्याच्यासोबत एक म्हातारा नोकर देतात, म्हणजे आपल्याकडे पाठराखीण असते ना, तसा पाठराखा. पेटाऱ्यांची रांग लावतात, कापड, भांडी, चहा, औषधं, ते सगळं रुखवतच की. बाप तोंड फिरवून उभा. आई पायरीपर्यंत येते आणि पुढे यायची परवानगी नाही म्हणून तिथेच थांबते. त्या चित्रात आईचा चेहरा काढलेलाच नाही, नुसती तिची पावलं आणि एका पायातून निसटलेला जोडा. भाची म्हणाली आत्या तू रडून राहिली का, म्हटलं कूलरचे तुषार आहेत.

आणि मग सासरची पहिली सकाळ. हा राजपुत्र उठतो, तहान लागलेली, हातात रिकामं भांडं, आणि पाणी कुठे ठेवतात ते माहीत नाही. सहा चित्रं नुसती त्याचीच आहेत. दाराशी जातो, परत येतो. बाहेर बायामाणसांचे आवाज, भाषा अर्धी कळते अर्धी नाही. विचारावं तर हसतील. शेवटी तो भांडं जागेवर ठेवतो आणि तसाच बसतो.

संपादक साहेब, १९८९ साली मी ह्याच महालातल्या घरात लग्न होऊन आली. यवतमाळहून नागपूर किती लांब, दीडशे किलोमीटर, भाषा पण तीच, तरी पहिल्या सकाळी माठ कुठला आणि त्यातून घ्यायचा ओगराळा कुठला हे कळेना. सोवळ्याचा माठ वेगळा होता. मी अशीच भांडं हातात धरून मागच्या पडवीत उभी राहिली, नणंद येऊन खुदकन हसली तेव्हा पाणी मिळालं. आदल्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरून अंगठीने यांनी माझं नवीन नाव लिहिलं होतं, मला कुणी विचारलं नव्हतं, मी पण ताटात वाकून वाचलं तेव्हाच कळलं मी आता कोण आहे ते. माझं जुनं नाव मला फार आवडायचं असंही नाही. पण होतं ते माझं होतं. कॉमिकमधे पण बाराव्या का तेराव्या भागात त्या राजपुत्राला नवीन शिक्का देतात, वर उत्तरेकडच्या घराण्याचं नाव, आणि तो शिक्का हातात घेऊन उलटासुलटा करून बघतो. मी मोबाइल ठेवून दिला त्या दिवशी. भाचीला वाटलं बोअर झालं.

तर त्या गृहस्थांना जे पाहून धक्का बसला ते मला रोजच्या बघण्यातलं वाटलं, फक्त उंबरठ्यावरचं माप ओलांडणारा पाय पुरुषाचा होता एवढाच फरक. आणि पाय पुरुषाचा असला की लगेच सगळ्यांना दिसतं की अरे ह्याला कुणी विचारलंच नाही.

आता इतिहासाचं. मी इतिहासात एमए आहे, नागपूर विद्यापीठाची, मग तीस वर्षं एका बँकेत व्हाउचर तपासले ती गोष्ट वेगळी. तहात पुरुषाचं पुरुषाशी लग्न ही कल्पना आहे हे मान्य, म्हणूनच तर राज्याची नावं पण काल्पनिक आहेत. पण तहात पुरुष दिले जात नव्हते असं वाटत असेल तर साहेब पुन्हा पुस्तक उघडा. त्याला शब्दच आहे आपल्याकडे, ओलीस. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि शंभूराजांना मिर्झाराजांच्या छावणीत ठेवावं लागलं, वय आठ वर्षं. पाच हजारी मनसब मिळाली हे आपण शाळेत पाठ केलं, आठ वर्षांच्या पोराने परक्यांच्या छावणीत पहिली रात्र कशी काढली असेल हे कुणी प्रश्नपत्रिकेत विचारत नाही. १६८९ ला रायगड पडला तेव्हा शाहूराजे सात वर्षांचे, सुटले १७०७ ला. म्हणजे अख्खं बालपण आणि तरुणपण शत्रूच्या छावणीत, तिथलंच खाणं, तिथलीच माणसं. आणि त्यांच्या आई येसूबाई १७१९ ला परत आल्या, तीस वर्षांनी. त्या तीस वर्षांवर एकही ओळ आमच्या वेळच्या पुस्तकात नव्हती.

कोरियात पण तेच. १६३७ ला तिथला राजा चीनच्या उत्तरेकडच्या मांचूंपुढे हरला तेव्हा दोन राजपुत्र तिकडे नेऊन ठेवले, सोह्यन आणि बोंगरिम, आठ वर्षं. थोरला परत आला आणि त्याच वर्षी वारला, धाकटा पुढे राजा झाला. तिथल्या लेकरांनी हे शाळेत वाचलेलं असतं, म्हणून कॉमिक काढणारीला असं कथानक सुचतं, हवेतून येत नाही ते. तिने काय केलं, ओलीस हा शब्द काढला आणि तिथे नवरदेव बसवला. बाकी सगळं तसंच आहे.

आणि उलटं लग्न बघायचं असेल तर माझ्या आवडीचा किस्सा. चीनमधे बाईमाणूस सम्राट झाली ती एकच, वू झेत्यान. तिने ६९८ साली आपल्या भावाच्या नातवाला, वू यानश्यू त्याचं नाव, तुर्क खानाच्या मुलीशी लग्न करायला त्यांच्या मुलखात पाठवला. एरवी चीनमधून राजकन्या जायच्या, इथे नवरदेव गेला. वऱ्हाड पोचलं, खान म्हणाला मला तिने हटवलेल्या जुन्या ली राजघराण्यातला जावई पाहिजे होता, हा कोण, आणि मुलगी तर दिलीच नाही वर नवरदेवालाच अडकवून ठेवलं, काही वर्षं. घरजावई व्हायला गेला आणि कैदी झाला. मी हे यांना सांगितलं तर हे म्हणाले त्यात काय फरक आहे. आमचे हे घरजावई नाहीत तरी असं बोलतात.

मुलींचं तर मोजायलाच नको. चीनच्या हान राजांनी उत्तरेकडच्या श्योंगनू टोळ्यांशी शांतता विकत घेतली ती राजकन्या देऊन, इसवीसनाच्या आधी दोनशे वर्षांपासून, आणि गंमत म्हणजे स्वतःची सख्खी मुलगी क्वचितच द्यायचे, नात्यातली नाही तर वाड्यातली एखादी पोरगी राजकन्या म्हणून सजवून पाठवायचे. इसवीसनपूर्व ३३ मधे वांग चाओज्युन अशीच गेली, वाड्यातली साधी बाई. नवरा वारल्यावर तिने परत येऊ द्या म्हणून विनवलं तर राजधानीतून उत्तर आलं की तिथली रीत पाळ, आणि रीत अशी की सावत्र मुलाशी लग्न करायचं. केलं तिने. त्यावर हजारो वर्षं कविता झाल्या, चित्रं झाली, पण त्या विनवणीला हो म्हणणारा एक माणूस निघाला नाही. आपल्याकडे स्वराज्यातल्या सोयरिकी बघा, शिर्क्यांची येसूबाई भोसल्यांकडे आणि भोसल्यांची राजकुंवर शिर्क्यांकडे, साटंलोटं, दोन घराणी बांधून ठेवायला. मी नावं ठेवत नाही, त्या काळाचं राजकारण तसंच चालायचं, आणि येसूबाईंसारखी बाई त्यातूनच उभी राहिली. पण त्या मुलींना तहातलं कलम म्हटलं की कुणाला इतिहासाशी खेळ वाटत नाही. मुलगा ठेवला त्या जागी की लगेच बंदी.

आपलं नागपूर तरी काय वेगळं आहे हो. बख्त बुलंद शहाचं गोंड राज्य, त्यात भाऊबंदकी लागली, राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावलं, मुलगा मानलं त्यांना असं सांगतात, आणि १७४३ पर्यंत मानलेला मुलगा गादीवर आणि गोंड राजे पेन्शनवर. आमच्या घरामागून चालत गेलं की गोंड किल्ल्याची भिंत लागते, मी रोज तिथून भाजी आणते. म्हणजे ह्या शहरात राज्य बदललं ते मानलेल्या नात्यावर. आणि गेलं ते पण नात्यावरच, तिसरे रघूजी १८५३ ला वारले, मुलगा नाही, मागे राहिलेल्या राण्यांनी दत्तक घेतला तर इंग्रज म्हणाले हा मुलगा आम्ही मानत नाही, १८५४ ला राज्य खालसा आणि जवाहिराचा लिलाव कलकत्त्यात. कोणतं नातं खरं आणि कोणतं खोटं हे ज्याच्या हातात शिक्का तो ठरवतो, हे नागपूरकरांनी तरी विसरू नये.

अजून एकच राजा सांगते मग कॉमिकवर येते. कोरियाचा गोंगमिन, चौदाव्या शतकातला. लहानपणीच मंगोलांच्या दरबारात नेऊन ठेवला, तिथेच मंगोल राजकन्येशी राजकारणातलं लग्न लावलं, नोगुक तिचं नाव. १३५१ ला हा राजा झाला आणि मंगोलांच्याच विरोधात गेला, आणि बायको माहेर सोडून ह्याच्या बाजूने उभी राहिली. म्हणजे ठरवून दिलेल्या लग्नात खरंच प्रेम बसलं. १३६५ ला ती बाळंतपणात गेली, त्यानंतर राजा मनाने संपलाच, तिचं चित्र काढून त्यापुढे बसायचा म्हणतात. पुढे त्याने देखणी तरुण मुलं सेवेला ठेवली, त्यांच्याशी त्याचे संबंध होते असं बखरीत लिहिलंय, आणि १३७४ ला त्याचा खून झाला. आता ती बखर पुरी झाली १४५१ ला, त्याच्या घराण्याला हटवून जे घराणं आलं त्यांच्या दरबारात. आधीचा राजा बिघडलेला होता हे लिहिणं त्यांच्या सोयीचं होतं. खरं किती आणि सोयीचं किती हे कसं वेगळं करणार. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा काळा पुतळा, मिरवत निघते, १८८१ पासून निघते म्हणतात, आणि इतवारीतली पोरंटोरं सुद्धा सांगतील की ती बाकाबाई, इंग्रजांना फितूर झाली म्हणून तिची धिंड. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघूजींची राणी. गादीवर आप्पासाहेब होते, सैन्य होतं, कारभारी होते, १८१७ ची सीताबर्डीची लढाई पुरुषांनीच लढली आणि पुरुषांनीच हरली, पण 'घेऊन जा गे मारबत' म्हणून जवळपास दीडशे वर्षं जळते ती बाई. मी पण लहानपणी मामाकडे येऊन ओरडली आहे तिच्यामागे, खोटं कशाला बोलू.

हे इथे आणायचं कारण असं की त्या कॉमिकवर माझा खरा राग ह्याच गोष्टीचा आहे. त्याची आई आणि बहीण सोडली तर अख्ख्या गोष्टीत बायका दोन. एक उत्तरेची राजमाता, ती विष घालते, आणि एक दासी, ती चुगल्या करते. बाईनेच काढलेलं कॉमिक आणि बाई दिसली की मारबत. ती पळालेली बहीण, जिच्या जागी हा आला, तिला चौतीसाव्या भागात एका चित्रात दाखवली आणि परत नाव नाही. अगं तिचं काय झालं, ती कुठे गेली, काय खाल्लं, भावाला पाठवलं ह्याचं तिला काही वाटलं की नाही. मला तीच गोष्ट वाचायची होती. भाचीला म्हटलं तर म्हणे आत्या तू लिही.

दुसरी तक्रार मोठी आहे. सतराव्या भागात सेनापती दारू पिऊन खोलीत येतो, राजपुत्र नाही म्हणतो, आणि तो ऐकत नाही. पुढच्याच भागात फुलं, बर्फ, जरीची चादर, आणि पंचवीसाव्या भागापर्यंत ह्याला त्याच्याशिवाय करमत नाही. हे मला पटलं नाही, अजून पटलेलं नाही. कैद करणारा माणूस जरा मऊ बोलला, शाल पांघरली, औषध पाजलं, की कैदी त्याचे उपकार मानायला लागतो, त्याला प्रेम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या पिढीतल्या बायकांनी किती जणींनी असंच म्हटलं असेल, मारतात पण मनाने चांगले आहेत. ह्या जातीच्या कॉमिकमधे हा दोष भरपूर आहे आणि वाचणाऱ्या पोरी पण आपसात त्यावर भांडतात, भाचीनेच सांगितलं, म्हणजे त्यांना अक्कल आहे. त्या गृहस्थांनी ह्यावर पत्र लिहिलं असतं तर मी खाली सही केली असती. पण त्यांना जबरदस्ती खुपलीच नाही, खुपलं ते दोघंही पुरुष आहेत एवढंच. सेनापतीच्या जागी सेनापती आणि राजपुत्राच्या जागी राजकन्या असती तर त्यांनी ऐतिहासिक प्रेमकथा म्हणून संध्याकाळी सिरियल लावून बघितली असती, चहा घेत.

बाकी बारीकसारीक पण आहे. सेनापती तीन दिवस घोड्यावर बर्फातून येतो आणि केस असे की आत्ताच सलूनमधून निघालाय. जेवणाची चित्रं मात्र इतकी सुरेख की मी दोनदा उठून काहीतरी तोंडात टाकलं. सेनापती बोलत नाही, नुसतं बघतो. आमच्या घरात पण असे एक आहेत, त्यांचं कॉमिक कुणी काढत नाही.

मी भाचीला विचारलं होतं, तुला ह्यात काय मिळतं, सरळ मुलामुलीची गोष्ट का नाही वाचत. तर ती म्हणाली, आत्या त्यात मुलगी असली की मी तिच्याकडेच बघत बसते, ती किती गोरी, ती किती बारीक, ती कशी लाजते, आणि मग मला माझंच वाटायला लागतं. ह्यात मुलगीच नाही, तर मी निवांत वाचते, कुणी माझ्याकडे बघून राहिलंय असं वाटत नाही. एकोणीस वर्षांची पोरगी हे बोलली. तिला स्थळं यायला लागलीत यवतमाळला, माझ्या भावाने फोटो काढून घेतलाय साडीतला, पुढच्या महिन्यात एक मंडळी येऊन जाणार आहेत 'नुसतं बघायला'. तिने ते मला हसत सांगितलं आणि मग मोबाइल घेऊन चादरीत गेली.

संस्काराचं म्हणाल तर मी काय बोलू. कायद्याने आज आपल्या देशात दोन पुरुषांचं लग्न होत नाही, सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं की ते आम्ही देऊ शकत नाही, संसदेचं काम आहे. नुसतं सोबत असणं गुन्हा नाही हे ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच कोर्टाने सांगितलं. म्हणजे आपल्याकडे ज्यांना एकमेकांशी करायचंय त्यांना करता येत नाही, आणि कॉमिकमधल्या दोघांना करायचं नव्हतं त्यांचं राजाने लावून दिलं. ही उलटापालट त्या कॉमिकवालीने मुद्दाम केली असेल की आपोआप झाली असेल, पण वाचताना मला सारखी जाणवत राहिली. आमच्या ओळखीत एक मुलगा आहे, ज्याच्यासोबत राहतो त्याला घरचे 'रूममेट' म्हणतात, अकरा वर्षं झाली. दिवाळीला दोघंही येतात फराळाला. त्याची आई चार चकल्या जास्त बांधून देते, रूममेटसाठी. थट्टा कुणी केली संस्काराची, मला नाही दिसली.

आता तुमच्याकडे दोन मागण्या. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान तुम्ही राशीभविष्याला देता, त्यातलं थोडं कापून एखाद्या नागपूरच्या चित्रकार पोराला किंवा पोरीला द्या आणि रतनकुंवरची गोष्ट काढायला सांगा, नाही तर बाकाबाईची, तिच्या बाजूने. बंदी घालून पोरी काही ते वाचायच्या थांबत नाहीत, चादरी आहेत घरोघरी, पण आपल्याच शहरात असा मसाला पडलेला असताना त्या कोरियाचं वाचतात ह्याची लाज त्यांना नाही, तुम्हाआम्हाला वाटायला पाहिजे. आणि दुसरं, त्या गृहस्थांचा पत्ता मला नको, पण हे पत्र छापलंत तर त्यांच्यापर्यंत पोचेल म्हणून लिहिते, काका, नातीकडून मोबाइल मागून घ्या, हिसकावू नका, आणि पहिले दहा भाग वाचा. दहाव्या भागात तो म्हातारा पाठराखा एकटाच माघारी निघतो. राजपुत्र त्याच्या पिशवीत काय ठेवतो ते बघा आणि मग नातीशी बोला.

माझं पत्र लांबलं. सोवळ्याचा तो माठ अजून आहे घरात, आता त्यात मी कोथिंबीर लावली आहे. नवीन भाग गुरुवारी येतो, ह्या खेपेला राजमातेचं काहीतरी उघड होणार आहे असं भाची म्हणून राहिली, तर गुरुवारी संध्याकाळी फोन करू नका.

आपली,
एक जुनी वाचक,
महाल, नागपूर